लाईट धरणारा गुणाजी

मी एक व्हिडिओ कॅमेरा बोलतोय. खांद्यावर घ्यायचा, पोटात अख्खी कॅसेट मावणारा, जुन्या काळचा धिप्पाड गडी. बोलतोय म्हणालो खरा, पण मला बोलायला तोंड नाही. सात वर्षं एक गोष्ट पोटात घालून गप्प बसलोय. आजही बसलो असतो, पण आज दुपारी माझ्यासमोर जे झालं ते बघून राहवेना.

१९८६ साली शिवरामच्या मेहुण्याने मला कुवेतहून आणलं. ठाण्यात कोलबाडला शिवरामचं फोटोचं दुकान होतं. त्याने लगेच पाटी रंगवली, 'व्हिडिओ शूटिंग करून मिळेल'. पहिल्या दिवशी माझी पूजा केली आणि शहाण्याने हळद थेट माझ्या काचेवरच फासली. पुढची दोन लग्नं मी पिवळी पाहिली.

लग्नं तर किती केली, विचारू नका. कॅमेरा दिसला की माणसांचं काय होतं ते मला ठाऊक. तावातावाने भांडणारे व्याही एकदम गळ्यात गळे घालतात. जेवणारा घास तोंडात धरून मान फिरवतो. नवरीचा मामा खिशातून कंगवा काढतो. हसू यायचं मला. आपण काय, समोर येईल ते दाखवायचं, अशी माझी फुशारकी होती. ती कशी उतरली तेच तर सांगायचंय.

८९ साली मालू दुकानात आली. बाळकुमची, कोळ्याची पोर. बारावी झालेली, अक्षर सुरेख. कॅसेटवर 'चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक' लिहायला शिवरामने तिला ठेवलं. पण हिचे डोळे सारखे माझ्याकडे. एकदा एका हळदीला बायकांच्या खोलीत शिवरामला कुणी आत घेईना, तेव्हा वैतागून त्याने मला तिच्या खांद्यावर ठेवलं. आईशप्पथ सांगतो, असा हात मला आजवर लागला नव्हता. ना घाई, ना धक्का. नवरी तिच्यापुढे लाजलीसुद्धा नाही. शिवराम कॅसेट बघून म्हणाला, "अगं, तू इकडे लेबलं काय चिकटवत बसलीयस?"

तेव्हापासून ती शूटिंगला जायला लागली. पोर एकटी कशी यायची, म्हणून तिचा बाप गुणाजी सोबत येऊ लागला. गुणाजी आधी खाडीत मासेमारी करायचा. खाडीचं पाणी नासलं, मासळी गेली, तसा तो एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. सुट्टीच्या दिवशी मालूबरोबर. नुसतं बसून काय करायचं, म्हणून त्याने हॅलोजन लाईट हातात घेतला. तापलेला लाईट डोक्यावर धरून तासन्‌तास उभं राहणं खायचं काम नाही. चांगले तगडे पोरगे कंटाळून हात खाली घेतात. गुणाजीचा हात हलायचा नाही. दर पाच मिनिटांनी एकच विचारायचा, "बरा हाय ना गो उजेड?" आणि मालू माझ्यातून डोळा न काढता म्हणायची, "बरा हाय, बाबा."

मालूला मुंबईला जाऊन व्हिडिओचा दोन वर्षांचा कोर्स करायचा होता. फी ऐकूनच घरात सगळे गार झाले. डोंबिवलीला चित्रदीप नावाचा एक शिष्यवृत्ती निधी होता. जन्मभर माहितीपट करून निवृत्त झालेल्या मंदाकिनीबाई तो चालवायच्या. दरवर्षी दोन मुलांची सगळी फी भरायच्या. अट एकच, अर्जासोबत आपल्या घराबद्दल पाच मिनिटांची फिल्म द्यायची.

अर्ज आणायला गेली तेव्हा रांगेतली एक मुलगी तिला म्हणाली, "गेल्या वर्षी मिळाली ना, त्या दोघांनाही वडील नव्हते." एवढंच. त्या मुलीच्या मनातही काही नसेल. पण अर्जात एक रकाना होता, वडील हयात आहेत की नाहीत. दुकानात माझ्या शेजारी बसून मालू त्या रकान्याकडे किती वेळ बघत होती. मग तिने त्या सुरेख अक्षरात 'नाहीत' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती बाळकुमला गेली. तिची आई आवडाबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. कॅमेरा येणार म्हणून बाईने काय थाट केला होता! ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यावर वेणी, गळ्यात होतं नव्हतं तेवढं सोनं आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"आये, लग्नाला चाललीस का काय?" मालू हसली.

"मंग? माझे पोरीचे पिच्चरमंदी मी काय भिकारनीवानी बसू?"

गुणाजीने लाईट लावला. मालूने मला डोळा लावला आणि तिचं हसू मावळलं. ते कुंकू माझ्या बरोबर मध्यभागी होतं. कुंकू लावलेली बाई आणि अर्जात 'वडील नाहीत', दोन्ही एकत्र कसं चालणार? कुंकू पूस म्हणायची तिची छाती झाली नाही. तिने मला हळूहळू खाली झुकवलं. कपाळ गेलं, डोळे गेले, हनुवटी गेली, मंगळसूत्रही गेलं. उरले फक्त विळीवर मासळी कापणारे आवडाबाईचे हात. काट्यांनी फाटलेले, खवले चिकटलेले.

"माझा तोंड नाय काढत काय गो?"

"काढते ना आये. तू काप."

"बरा हाय ना गो उजेड?" गुणाजीने विचारलं.

मालूने मला आणखी थोडं खाली झुकवलं. "बरा हाय, बाबा."

आवाज तिने दोन दिवसांनी दुकानात भरला, शिवराम जेवायला गेला असताना. माईक तोंडाजवळ धरून म्हणाली, "हे माझ्या आईचे हात. माझे बाबा नाहीत." पहिल्या वेळी आवाज फाटला. तिने पुन्हा म्हटलं. दुसऱ्या वेळी चांगला आला. माझ्या पोटात तेव्हाच काहीतरी अडकायला हवं होतं. कॅसेट गुंतवायला एरवी मला निमित्त लागायचं नाही. त्या दिवशी मेला मी सुरळीत चाललो.

मालूला शिष्यवृत्ती मिळाली. तिने घरी सांगितलं, कार्यक्रमाला फक्त विद्यार्थ्यांना बोलावलंय. आवडाबाई खट्टू झाली, पण बाजार होताच. इकडे त्या कार्यक्रमाचं शूटिंग निधीने शिवरामलाच दिलं आणि त्याचा लाईटवाला नेमका गावी गेलेला. शिवरामला बिचाऱ्याला 'नाहीत'चा पत्ता नव्हता. तो थेट कंपनीच्या गेटवर गेला. "गुणाजीभाऊ, चला. पोरीचा सत्कार बापाने नाही बघायचा तर कोणी?" गुणाजीने इस्त्रीचा शर्ट घातला. येताना सगळ्या रस्त्याने शिवरामला सांगत होता, "मालूला बोलू नको हां. गंमत करू."

डोंबिवलीच्या एका शाळेचं सभागृह होतं. शिवरामच्या खांद्यावर मी, शेजारी गुणाजी. लाईट लागला आणि स्टेजवर मालूने डोळ्यांवर हात धरला. हॅलोजन तोंडावर असला की पलीकडचं माणूस दिसत नाही, नुसता पांढरा झोत दिसतो. बापाचा चेहरा झोताच्या मागे आणि पोरीचा झोतात.

मंदाकिनीबाई बोलायला उभ्या राहिल्या. "आम्ही आधी फिल्म बघतो, अर्ज नंतर उघडतो. या मुलीने आईचा चेहरा एकदाही दाखवला नाही. फक्त हात दाखवले. एवढ्या लहान वयात काय गाळायचं हे कळणं ही फार मोठी समज आहे. आमचा निर्णय तिथेच झाला. नंतर अर्ज उघडला, तेव्हा कळलं की हिचे वडील, कैलासवासी गुणाजी, आज हयात नाहीत."

म्हणजे त्या 'नाहीत'ची गरजच नव्हती हो! काही गरज नव्हती.

शिवराम असा दचकला की चित्र हललं. ती कॅसेट कधी बघाल तर तिथे मोठा झटका दिसेल. लाईट मात्र हलला नाही. मग पडदे ओढले, लाईट बंद करायला सांगितला आणि टीव्हीवर ती फिल्म लावली. अंधारात गुणाजीने आपल्या बायकोचे हात पाहिले आणि पोरीचा आवाज ऐकला. दुसऱ्या वेळी चांगला आलेला.

पुन्हा लाईट लागला. मालूच्या हातात माईक दिला. ती डोळे बारीक करून म्हणाली, "लाईटवाले काका, जरा खाली घ्या ना. डोळ्यांवर येतोय."

लाईट खाली आला. आणि सवयीने, अगदी सवयीने, मागून प्रश्न आला, "आता बरा हाय ना गो?"

मालूने आवाज ओळखला आणि माईक खाली घेतला. मंदाकिनीबाईंनी वळून बघितलं. "तुम्ही ओळखता का हिला?"

एक शब्द पुरे होता. मालू बोलेल, आता बोलेल, म्हणून मी जीव मुठीत धरून तिच्याकडे बघत होतो.

"नाय बाई," गुणाजी म्हणाला. "मी लाईटवाला हाय."

आणि मालू माईकमध्ये म्हणाली, "मी निधीची अत्यंत आभारी आहे." टाळ्या पडल्या. मी त्यासुद्धा टिपल्या.

बाहेर जिन्यात ती त्याच्या पायांशी कोसळली. "बाबा, मी आत जाऊन सांगते. आत्ता सांगते."

"उगी. कोर्स जाईल." तो वायर गुंडाळत होता. "मेला म्हनलीस तं म्हनलीस. मी काय खरा मेलो? पर तुझे आयेला सांगू नको. तिच्या जिवाला लागंल."

तिने डोळे पुसले. आत मात्र गेली नाही.

पुढे सगळं नीट झालं, हेच तर वाईट. कोर्स झाला. मंदाकिनीबाईंच्या चिठ्ठीवर अंधेरीला एडिटिंगची नोकरी लागली. आधी म्हणायची, कोर्स संपला की सांगेन. मग, नोकरी लागली की. मग, कायम झाले की. गुणाजीने पुन्हा विषय काढला नाही. डोंबिवलीकडच्या कामाला मात्र तो कधी आला नाही, ठाण्यातच लाईट धरत राहिला. ९५ साली शिवरामने नवा कॅमेरा घेतला आणि मला या निधीला देऊन टाकलं. आता निधीची मुलं माझ्यावर हात साफ करतात. मंदाकिनीबाई त्यांना दरवर्षी ती हातांची फिल्म दाखवतात आणि म्हणतात, गाळायचं कसं ते हिच्याकडून शिका. दर रविवारी शिकवायला येते कोण? मालूच. त्या फिल्मच्या वेळी ती पाणी प्यायला बाहेर जाते.

आज ती आली ती डोळे सुजवून. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली एक फ्रेम. पाठोपाठ शिवराम माझी त्याच्याकडे दुरुस्तीला दिलेली बॅटरी घेऊन आला. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"पाचवा दिवस आज," शिवराम म्हणाला. "सुतकात कशाला आलीस?"

"नाही आले तर कारण सांगावं लागेल."

तेव्हा मला कळलं. गुणाजी गेला. आता खरा गेला. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून, खाली 'कै. गुणाजी' लिहून शिवरामनेच ती फ्रेम बनवून दिली होती, बाराव्याला लावायला. शेकडो लग्नं आम्ही एकत्र केली, पण माझ्या एकाही कॅसेटमध्ये तो माणूस नाही. शिवराम म्हणाला, "आता तरी सांग गं बाई." तिने फ्रेम टेबलावर ठेवली. तो मान खाली घालून निघून गेला.

एवढ्यात मंदाकिनीबाई आल्या. आता काठी टेकत चालतात. "काय गं, रडलीस की काय? आणि हे काय बांधून आणलंयस?"

"फोटो आहे. शेजारचे एक काका वारले. त्यांचा."

शेजारचे काका! माझी काच तडकली असती तर बरं झालं असतं.

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "अरेरे. तुला तुझ्या बाबांची आठवण झाली असेल, नाही का?"

"हो," मालू म्हणाली.

मंदाकिनीबाई खुर्चीत बसल्यात. मुलं यायला अजून थोडा अवकाश आहे. फ्रेम टेबलावर आहे, माझ्या अगदी समोर. मालू, तुझ्याबरोबर मीही तेवढाच गुन्हेगार आहे गं. तू झुकवलंस आणि मी झुकलो. पण मला हात नाहीत, तुला आहेत. बाई रागावतील, कदाचित पुन्हा तोंडही बघणार नाहीत. बघू नयेच त्यांनी. पण फोटो बघितला तर त्या त्याला ओळखतील. एकदा त्यांनी स्वतः त्याला विचारलं होतं, तुम्ही ओळखता का हिला म्हणून. गाठ साधीच आहे, शिवरामने घाईत मारलेली. मालू, सोड ती सुतळी.