नव्या मोटेची सोंड

गेवराईच्या जिनात कापसातली सरकी काढायची यंत्रं आली, त्यांच्या मागोमाग ती दुरुस्त करणारा चेक देशाचा एक मिस्त्री आला. त्याचं पुरं नाव यारोस्लाव. ते म्हणताना जिभेला गाठ बसायची, म्हणून गाड्या घेऊन येणारा सगळा तालुका त्याला यारूसाब म्हणायचा. भिवराबाईच्या घरी मात्र तो नुसता यारू होता. तिनं गेवराईच्या तहसीलदारालाही कधी साहेब म्हटलं नव्हतं.

भिवराबाईचा मळा गोदावरीच्या काठाला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गावात तिच्या तोंडाला तोंड देणारा तोच एक होता, आणि तोही अर्ध्या भांडणातून उठून शेतावर जायचा. तिला मुलगा एकच, आसाराम. मागल्या पौषात तो कापसाची गाडी घेऊन जिनात गेला आणि त्याच्या धोतराचा सोगा फिरत्या पट्ट्यात गुंतला. चार शहाणे 'अरे धरा, अरे धरा' करत लांब उभे राहिले. यारूनं धावत येऊन नुसत्या हातानं पट्टा चाकावरून उडवला. आसाराम धोतराशिवाय पण धडधाकट घरी आला. यारूच्या हाताची कातडी मात्र कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाली.

भिवराबाईनं त्याला गाडीत घालून घरी आणलं, वसरीवर बाज टाकली आणि हळद-तुपाचे लेप स्वतः बांधले. हात बरा झाला तरी बाजार झाला की तो वसरीवर येऊन बसायचा. दोन वर्षांत तो हैदराबादी बोली शिकला होता, त्यात मराठी मिसळून बोलायचा. भिवराबाईला एकच घोर. लेकाचा जीव ज्यानं हातात आणून दिला, त्याला आपण काय द्यावं? तुपाचा गडवा दिला, त्यानं तो जिनातल्या हमालांना वाढला. घोंगडी दिली, ती पहारेकऱ्याच्या अंगावर दिसली.

"अरे, काय पायजे ते माग की मेल्या!" ती करवादायची. "नवसाचा देव बी कधीतरी नारळ घेतो."

"जवारी की भाकर, अम्मा," तो हसायचा.

फाल्गुनात एका दिवशी मात्र त्यानं मागितलं. पिशवीतून त्यानं एक चेंडू काढला. काळपट कातड्याचा, कलिंगडाएवढा, वाळून टरकलेला.

"अम्मा, कल हमारे क्लबका दिन हाय. मला खेळायला माणसं पाहिजेत. दोन्ही बाजूला अकरा-अकरा."

"क्लब म्हंजी काय?"

मग त्यानं सांगितलं. नदीकाठचं त्याचं गाव, तिथं कातडं कमावायचा मोठा कारखाना. कारखान्यातल्या पोरांनी सुट्टीच्या दिवशी चेंडू खेळायला मंडळी जमवली, तोच क्लब. मालकानं आवारात खेळू दिलं नाही, म्हणून नदीच्या पाणथळीत, गुडघाभर चिखलात खेळायचे. घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं उरलेल्या तुकड्यांतून हा चेंडू शिवून दिला. शेजारच्या गावाकडून ते इतक्या वेळा हरले की त्या गावच्या बायका त्यांना जाताना बटाटे बांधून द्यायच्या.

"कातडं कमावणारी पोरं?" भिवराबाई मधेच म्हणाली. "म्हंजी आपल्या तात्याबाच्या कामातली?"

"हां. माझा बाप तोच काम करायचा."

तात्याबा गावच्या विहिरींवरच्या कातडी मोटा शिवायचा. मोटेचे दाम घ्यायला यायचा तेव्हा तो अंगणाच्या कडेला, चिंचेखाली उभा राहायचा. आणि ह्या यारूनं आपल्या वसरीवर, आपल्या पितळीत, किती भाकरी मोडल्या? भिवराबाईनं पितळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "फुडं सांग."

पुढं मोठी लढाई लागली. त्यांच्या बादशहानं सगळी पोरं नेली. मैदान नांगरून लोकांनी बटाटे लावले. क्लब संपला असंच सगळे म्हणाले. पण एका विधवेनं, जिचा मुलगा त्यांच्यात खेळायचा, हा चेंडू पिठाच्या कोठीत घालून ठेवला. पोरं परत येतील तेव्हा खेळायला काय देणार, म्हणून. परत आले ते थोडे. तिचा मुलगा आला नाही. तरी तिनं चेंडू आणून बटाट्याच्या वावरात ठेवला आणि म्हणाली, खेळा. तेव्हापासून रीत पडली. क्लबातलं जे माणूस सगळ्यात लांब जाईल, त्याच्याबरोबर हा चेंडू जायचा. क्लबाच्या दिवशी त्यानं असेल तिथं, दिवस मावळायच्या आत तो खेळायचा आणि न आलेल्या पोरांची नावं घ्यायची. मग परत घेऊन जायचा.

"न खेळला तर?"

यारू बोटानं चेंडूवरची चीर चाचपत राहिला.

भिवराबाई उठली. लुगड्याचा पदर खोचला. इतक्या दिवसांनी ह्या माणसानं काही मागितलं होतं, आणि ती ते ताटात सजवून देणार होती. मेंढरं राखणाऱ्या बंकटला बोलावून तिनं गायरानातली काटंकुटं काढायला लावली. आसारामला गावातली पोरं गोळा करायला धाडलं. आणि चेंडू मागून घेतला.

"कातडं लई वाळलंय. मी बघते त्याचं."

नवी मोट वापरात घ्यायच्या आधी विहिरीत भिजत घालतात. कातडं फुगून मऊ होतं, शिवण दाटते, मोट पाणी धरते. लहानपणापासून तिनं हेच पाहिलं होतं. संध्याकाळी तिनं चेंडू दोरीला बांधून, वर दगड लावून, विहिरीत सोडला.

सकाळी वर काढला तर तो चेंडू राहिलाच नव्हता. आधीच कुजका झालेला जुना धागा सुटला होता आणि कातड्याच्या पाकळ्या भिजलेल्या पापडासारख्या लोंबत होत्या. आतली रबरी पिशवी तेवढी शाबूत होती.

यारू आला. त्यानं पाहिलं. भिवराबाई वाट बघत होती की हा आता ओरडेल, मग आपणही ओरडू आणि निदान मोकळं होऊ. पण तो पायरीवर बसला आणि चिंध्या मांडीवर घेऊन एक-एक पुसायला लागला.

"मला काय ठावं, तुमच्या मुलखातलं कातडं असलं नाजूक!" ती फणकारली. आवाज मात्र तिचा तिलाच परका वाटला.

"अम्मा, तुमची गलती नाही," यारू म्हणाला.

तेच तिला सोसलं नाही. "आसाराम! तात्याबाला बोलाव. त्याला म्हणावं दाभण, वादी, मेण घेऊन ये. आन् ती नवी मोट काढ."

नवी मोट तात्याबानं तिच्याचसाठी शिवली होती. उन्हाळ्यातला सगळा मळा तिच्यावर होता. तात्याबानं चिंचेखालूनच चिंध्या पाहिल्या, मोट पाहिली आणि मान हलवली.

"मोटेचं पोट लई जाड हाय, बाई. चेंडूला मऊ कातडं पायजे. तसं फकस्त सोंडेचं हाय. पर सोंड कापली तर मोट कशाची? पाणी पडंल कुठून?"

"काप."

"माय!" आसाराम म्हणाला. "आन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळा दरसाल येतो. तू काय दरसाल पट्ट्यातनं सुटून येणार हायस का?"

आसारामनं मोट ताणून धरली. तात्याबानं रापी चालवली. भिवराबाईनं मान फिरवली नाही. सोंड सुटेपर्यंत बघत राहिली.

यारूनं जुन्या पाकळ्या सोंडेवर ठेवून कोळशानं आकार आखले. ऊन चढलं. चिंचेची सावली सरकली, तसा तात्याबा सावलीमागं सरकत गेला आणि यारू त्याच्या शेजारी उघड्या उन्हात.

"तात्याबा," भिवराबाई वसरीवरून म्हणाली, "घामानं कातडं चिकट करणार हायस का? वर ये की."

तात्याबानं मागं पाहिलं, आणखी कोणी तात्याबा उभा आहे का म्हणून. सून मनकर्णा उंबऱ्यात थबकली. "आत्याबाई..."

"ह्या बाजेवर दोन महिने कातडं कमावणाऱ्याचाच लेक झोपलाय. वसरी काय खचली न्हाई. पाणी आण त्यास्नी."

दोघं वसरीवर शिवत बसले. तात्याबाच्या एका टाक्याला यारूचा एक टाका. जुन्यातली एक पाकळी धड होती. तात्याबानं ती उन्हात सुकवली, तेल चोळलं आणि नव्या कातड्यात बसवली.

"ही आसू द्या, साब. जुन्याची खूण."

यारूनं ती निरखली. मग म्हणाला, "ही पण पहिली नाही. खोगीरवाल्याची फाटली, तेव्हा त्या विधवेनं आपल्या नवऱ्याच्या बुटाचं कातडं लावलं. ते हे."

भिवराबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. वाकून त्या पाकळीवरून बोट फिरवलं. 

दिवस कलला तेव्हा खेळ सुरू झाला. खेळ कसला, जत्राच ती. बंकट मेंढरं वळवल्यागत तोंडानं हुर्र करत चेंडू हाकायचा, आणि त्याची मेंढरंही त्याच्यामागं मैदानात. आसारामनं या वेळी धोतराचा काचा इतका आवळला होता की त्याला वाकता येत नव्हतं.

"पळ बे, लगीन हाय का तुजं!" बंकट ओरडला.

"हातानं न्हाई, हातानं न्हाई!" यारू बोंबलत होता, आणि कोणी ऐकत नव्हतं. शेवटी चेंडू एका एडक्याच्या शिंगाला लागून दोन दगडांच्या मधून गेला. दोन्ही बाजूंनी तो गोल आपला म्हणून सांगितलं.

मग यारू मावळतीकडं तोंड करून उभा राहिला आणि नावं घेऊ लागला. कोणाला ती कळली नाहीत, पण पोरं होती तिथं उभी राहिली. बंकटनं मेंढरं मागं घेतली. प्रत्येक नावानंतर यारू जरा थांबायचा, त्या थांबण्यात भिवराबाई आसारामकडं बघायची. धुळीनं माखलेला, गुडघा फुटलेला, धापा टाकणारा तिचा आसाराम.

जिन बंद व्हायच्या वेळी यारू निरोपाला आला. चेंडू त्याच्या काखेत होता. भिवराबाईनं शिदोरी बांधून दिली, पण त्याचा हात काही सोडेना.

"आता तुज्या गावात ते क्लबाचं सांगशील न्हवं? कसं सांगशील? माज्याफुडं सांग."

यारू पायरीवर बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला. कारखाना, चिखल, बटाटे, खोगीरवाला म्हातारा, लढाई, विधवा आणि तिची कोठी. "मग गोदावरी नदीवर एक अम्मा होती..."

"भिवराबाई म्हण. गोदावरीवर अम्मा ढीगभर हायत."

"भिवराबाई. तिनं चेंडू विहिरीत बुडवला."

"ते सांगायलाच पायजे का?"

"सांगितलं नाही, तर सोंड काऊन कापली ते कसं कळेल?"

तिनं जरा विचार केला. "बरं, सांग. पर मोट कोरी होती, तेबी सांग. आन् शिवली तात्याबानं, त्याचं नाव गाळू नको." मग त्याच्या हातावरच्या व्रणावरून तिनं अंगठा फिरवला. "आन् हे सांग पहिलं."

त्या उन्हाळ्यात मळा जुन्या मोटेवरच भिजला. तात्याबानं तिला ठिगळं लावली, तरी विहिरीतून वर येईपर्यंत ती अर्धं पाणी सांडायची. मोट हाकताना आसाराम कधी कुरकुरला, तर भिवराबाई बांधावरून ओरडायची, "गळू दे! पाणी इहिरीतच पडतंय, आन् तू हाकतोयस. मला आजून काय पायजे?"