बंद कॉम्प्युटरचा लाल दिवा

माझं शिलाई मशीन गुणाचं आहे. पॅडलवरून पाय उचलला की गप्प. त्याला विनवण्या कराव्या लागत नाहीत. आणि हा ठमीने माझ्या गळ्यात बांधलेला कॉम्प्युटर! रीतसर बंद करा, पडदा काळा होऊ द्या, तरी माउसच्या पोटात लाल दिवा आहेच, कीबोर्ड निळा पेटलेला आहेच. माझी खोली एकच. त्यातच मशीन, त्यातच पलंग, त्यातच हे ध्यान. रात्री पाठ टेकली की भिंतीवर लाल-निळा उजेड. डोळ्यांवर अस्तराचा तुकडा टाकून झोपायची पाळी आली.

ठमी म्हणजे माझी लेक, एकुलती एक. विमानाने जावं लागतं इतक्या लांब राहते. तिचे बाबा गेले तेव्हा आली, महिनाभर राहिली. गिऱ्हाइकं कपड्यांचे फोटो पाठवतात ते आईला मोठे दिसावेत म्हणून हा कॉम्प्युटर तिनेच बसवला. वर टिचभर कॅमेरा. तो सारखा डोळे वटारून बघतोय असं वाटायचं, म्हणून ती बाजारात गेली असताना मी त्यावर चिंधी चिकटवून टाकली.

जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "आई, मशीन विकून टाक आणि चल माझ्याकडे."

"आणि तिकडे काय तुझे पडदे मोजत बसू?"

शब्दाने शब्द वाढला. ती म्हणाली, "मग बस त्या मशीनला कवटाळून." मी म्हटलं, "बसते." झालं! पुढे तिने फोन केले, मी उचलले नाहीत. मी तापट आहे, आणि ती तरी कोणाची मुलगी? तिने फोन करणं सोडलं. आता ती तिकडे, मी इकडे. दिवस कामात जातो, पण संध्याकाळी मशीनवर झाकण घातलं की घर खायला उठतं. बोलायला कोणी नाही म्हणून मी कपड्यांशी बोलते. एखाद्या कोटाला विचारते, "काय रे, तुझ्या मालकाचं पोट कुठवर जाणार आहे?" तो काय उत्तर देणार, कप्पाळ!

दिवे एक वेळ सोसले असते. पण मग सकाळी हा बाबा आपोआप सुरू व्हायला लागला. मी मशीनवर बसलेली, त्याला कोणी बोट लावलेलं नाही, आणि आतला पंखा घुर्रर्र. थोडा वेळ चालायचा, मग आपला आपण बंद. एकट्या बाईच्या घरात असलं काही झालं तर करायचं काय? आणि सांगायचं कोणाला?

शेवटी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. पोट सुटलेला, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारा माणूस.

"मावशी, भिंतीवरचं बटण बंद करत नाही का?"

"बटण त्या कापडाच्या कपाटामागे आहे. रोज रात्री कपाट सरकवायला येतोस का?"

तो हसला. टेबलाखाली वाकून बघत म्हणाला, "बिघाड नाही हो. बंद केला तरी हा पुरता झोपत नाही. भिंतीतून करंट येतोय तोवर आतला पॉवर सप्लाय थोडीशी वीज चालूच ठेवतो. ती मदरबोर्डला जाते, तिथून यूएसबीच्या खाचांना. माउस, कीबोर्ड त्याच खाचांत खोचलेत, म्हणून ते जळत राहतात."

"कशाला पण? वीज काय वर आली आहे?"

"कीबोर्ड दाबून उठवता यावा, मोबाइल चार्ज करता यावा, नेटच्या वायरीवरून हाक आली तर जाग यावी, म्हणून. एक कान उघडा ठेवून झोपतो म्हणा ना."

"मला झोपलेला पाहिजे तर झोपलेलाच पाहिजे."

आधी त्याने विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप नावाचं काहीतरी बंद केलं. कॉम्प्युटर बंद करून पाहिला, दिवा तसाच. "बघ, किती निर्लज्ज आहे," मी म्हटलं. मग त्याने पुन्हा चालू करता करता डिलीटचं बटण टकटक दाबलं आणि बायोस नावाच्या पडद्यात शिरला. बंद असतानाही वीज पुरवायची सोय तिथे होती, ती काढून टाकली. या वेळी बंद केल्याबरोबर माउस विझला, कीबोर्ड विझला.

"आता आपोआप सुरूसुद्धा होणार नाही," तो म्हणाला. "हे जमलं नसतं तर टेबलावर बटणवाला एक्स्टेन्शन बोर्ड घ्यायचा, सरळ तिथूनच करंट तोडायचा."

त्या रात्री गुडूप अंधारात मेल्यासारखी झोपले. खोटं कशाला बोलू, नंतरच्या रात्री मात्र चुकल्याचुकल्यासारखं झालं. जाग आली की डोळे आपोआप टेबलाकडे जायचे, आणि तिथे काही नसायचं.

मग एका दुपारी शेजारची नर्स दार बडवायला लागली. ड्यूटीवर निघालेली, अंगावर कोट, धापा टाकत होती.

"ताई, बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरली आहे?"

"तुमच्या मुलीचा फोन आला होता. रडत होती हो. म्हणाली, कितीतरी दिवसांत आईच्या मशीनचा आवाज आला नाही, जरा दार उघडायला लावून बघा."

माझ्या हातात कात्री होती ती तशीच राहिली. माझ्या मशीनचा आवाज शेजारच्या नर्सला येत नाही, तो समुद्रापलीकडे ठमीला कसा येणार? नर्सने माझ्यासमोरच तिला कळवलं, "आई ठणठणीत आहे, माझ्यावरच ओरडली." आणि पळाली कामावर.

घरात एक कान उघडा ठेवणारं ध्यान एकच होतं, म्हणून मी कॉम्प्युटरवाल्याला परत बोलावलं. त्याने आत कुठेकुठे जाऊन पाहिलं आणि चष्मा खाली घेतला.

"मावशी, हा आपोआप सुरू होत नव्हता. तुमची मुलगी तिकडून नेटवरून उठवत होती. तशी सोय तिने जाण्याआधीच करून ठेवलेली दिसते. मी उरलीसुरली वीज तोडली, तिथे तिची हाक पोहोचणं बंद झालं."

"काय बघते काय ती?"

"बघणार काय, कॅमेऱ्यावर तुमची चिंधी आहे. पण त्यातला माइक उघडा आहे. ऐकत असणार."

माझं डोकंच फिरलं. "चोरून? स्वतःच्या आईच्या घरात चोरून ऐकते? लाज नाही वाटत?"

"तसंच बंद ठेवू मग? तुम्ही म्हणाल तसं."

मी हो म्हणणार होते. तेवढ्यात आठवायला लागलं, काय काय ऐकलं असेल तिने. माझी खटखट. माझं कपड्यांशी बोलणं. "हाडं मोडली ग बाई" म्हणत उठणं. एकदा तिलाच शिव्या घातल्या होत्या, चांगल्या घसघशीत. आणि एकदा निळं कापड कापताना म्हटलं होतं, हा रंग ठमीला किती खुलला असता. हे सगळं ऐकूनसुद्धा पोर दुसऱ्या दिवशी परत यायची. फोन मी उचलत नव्हते, म्हणून मशीनच्या आवाजावरून माझी खुशाली काढायची. मला रडू फुटलं. त्या माणसासमोर फुटलं, म्हणून त्याचाही राग आला.

"होतं तसं करून ठेव," मी म्हटलं.

"अहो, पण मग रात्री दिवे परत..."

"तुला काय करायचंय? मी टोपी शिवीन त्यांना."

शिवली. माउसला एक, कीबोर्डला लांबलचक एक, आतून काळं अस्तर लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मशीनवर बसले. शिवायला काही नव्हतं, गिऱ्हाइकांनी आपापले कपडे नेले होते. कॉम्प्युटर गप्प. आई ठणठणीत आहे हे तिला कळलंय, आता ती कशाला येईल? आणि इतके दिवस हाक मारून कोणी ओ दिली नाही, तर माणूस परत कशाला मारेल? फोन हातात घेतला. नाव काढलं. बोट काही पुढे जाईना. ठेवून दिला. मग वाटलं, नाहीच आली तर? जन्मभर कोटांशीच बोलायचं?

घुर्रर्र.

मी घाईघाईने हाताला लागला तो कपडा सुईखाली सारला आणि पॅडल मारायला लागले. दोरासुद्धा ओवलेला नव्हता. नुसतीच सुई खालीवर, सरळच्या सरळ, कपड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कपडा संपला. मी पाय उचलला. मशीन गप्प झालं, पंखा तेवढा चालू राहिला.

कॉम्प्युटरकडे पाठ करूनच मी विचारलं, "जेवलीस का ग?"

वेड्यासारखी रिकाम्या खोलीत बोलते आहे मी, असं वाटलं. मग स्पीकरमधून कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई," ठमी म्हणाली, रडतही होती आणि चिडलेलीही होती, "आधी ती चिंधी काढ."

मी उठले आणि नखाने टोक उचकटायला लागले. चिकटवलीही भलतीच घट्ट होती.