न धरलेलं काम

सेनामला मी जो सल्ला दिला तो चुकीचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगताना मी स्वतःला सांभाळून घेईन अशी मला भीती वाटते.

मी एकोणीस वर्षांपूर्वी घानातल्या केटाहून कॅनडात सॅस्काटूनला संख्याशास्त्र शिकायला आलो आणि इथलाच झालो. एका पीकविमा कचेरीत नोकरी लागली, घर झालं. आमच्या घानाच्या मंडळाचा मी सचिव. नव्या मुलांचे अर्ज, भाड्याचे करार, मुलांचे शाळाप्रवेश, सगळं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालायचं. माझी बायको, आक्पेने तिचं नाव, त्या टेबलाला दूतावास म्हणायची. "राजदूतसाहेब, जरा कागद हलवा, मला ताट ठेवायचंय," असं तिचं रोजचं बोलणं. मी हसायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

सेनामही केटाचीच. तिच्या वडिलांच्या होडीतली मासळी मी लहानपणी खाल्लेली. विद्यापीठात मसुराच्या मुळांवरच्या जिवाणूंवर ती पीएच.डी. करत होती. आली तेव्हा तिची मुलगी जिफा दोन वर्षांची होती. मुलीला नवऱ्याकडे, एलिकेमकडे ठेवून आली होती. तिघंही येणार होते, पण एलिकेमचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. मग एकच वाट उरली, सेनामला कायम वास्तव्य मिळवायचं आणि त्यात दोघांना आणायचं.

चौथ्या वर्षी मार्चमध्ये ती फाइल घेऊन आली. "एफो कोजो," ती म्हणाली. आमच्यात थोरल्या भावाला एफो म्हणतात. "माझं प्रयोगशाळेतलं काम अनुभव म्हणून धरतील का हो? कुणी म्हणतं धरतात, कुणी म्हणतं विद्यार्थ्यांचं धरत नाहीत."

"किती वर्षं झाली?"

"जवळजवळ पावणेचार. दरमहा पगार येतो, त्यातून कर कापला जातो."

"मग झालं! पगार आहे, कर आहे, काम इथलं आहे. माझंही असंच झालं होतं. इथल्या अनुभवाच्या गटातून भर. त्यात बँकेत पैसे दाखवायची कटकट नसते."

"नक्की ना?"

"अगं, मी स्वतः त्यातून गेलोय."

दोन शनिवार बसून आम्ही अर्ज भरला. तिला सरकारकडून बोलावणं आलं, वैद्यकीय तपासणी झाली, पोलिसांचे दाखले गेले. त्याच सुमाराला केटाला एलिकेमला मुख्याध्यापकपद देऊ केलं होतं. तो तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचा. पद घेतलं तर तीन वर्षं सोडता येणार नव्हतं. त्याने मला फोन केला.

"एफो कोजो, काय करू? तुमचा काय अंदाज?"

"अंदाज कसला," मी म्हणालो, "तयारीला लागा. वेठबिगारासारखे तीन वर्षं बांधून कशाला घेताय?"

त्याने पद नाकारलं. ते त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकट्या मास्तराला मिळालं.

ऑक्टोबरात नकार आला. सेनाम मला कामावर फोन करत नाही, त्या दिवशी केला. तिने पत्र वाचून दाखवलं. पूर्णवेळ शिक्षण घेत असताना केलेलं काम या गटात अनुभव म्हणून धरता येत नाही, त्यामुळे अर्जदाराचा अनुभव शून्य.

"शून्य," ती म्हणाली. "एफो, शून्य लिहिलंय."

"काहीतरी गफलत असेल. मी बघतो."

घरी जाऊन मी माळ्यावरची माझी स्वतःची जुनी फाइल काढली. इतकी वर्षं ती उघडली नव्हती. माझ्या अर्जात विद्यापीठाचा उल्लेखही नव्हता. माझ्या वकिलाने फक्त पीकविमा कचेरीतलं, शिक्षण संपल्यानंतरचं काम लिहिलं होतं. विद्यापीठातल्या कामाच्या जोरावर मला कायम वास्तव्य मिळालं ही गोष्ट मी मंडळात किती वेळा सांगितली असेल कोण जाणे. ती कधी घडलीच नव्हती.

आक्पेने शिडीखाली उभी होती. मी कागद तिच्या हातात दिला.

"तिला सांगणार आहेस ना?" तिने विचारलं.

"आधी काही वाट काढतो, मग सांगतो."

"कोजो, आधी सांग."

मी आधी सांगितलं नाही.

वाट होती, निदान तसं वाटलं. कुशल कामगारांचा दुसरा एक गट आहे, त्यात विद्यार्थिदशेतलं कामही धरतात. अटी मात्र कडक. काम पगारी हवं, तासांचा हिशेब जुळायला हवा, आणि मध्ये खंड नको. मालकाने पत्र द्यायचं, त्यात कामाचं स्वरूप आणि आठवड्याचे तास लिहायचे. सेनामची मालक म्हणजे तिची मार्गदर्शक, प्रोफेसर हॅलिचुक. मी सेनामला गाडीतून विद्यापीठाच्या काचघरात घेऊन गेलो. बाई साठीच्या, हाताला माती, मसुराच्या कुंड्यांमध्ये उभ्या. त्यांनी आधीच सगळे करार काढून ठेवले होते.

"आठवड्याला बारा तास," बाई म्हणाल्या. "करारात तेवढेच आहेत, सेनाम."

"बारा तास? मी पन्नास तास इथे असायचे. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण उरलेलं तुझं संशोधन होतं. तुझा प्रबंध."

"मॅडम, एकाच कुंडीला मी पाणी घालत होते. यातलं कुठलं पाणी तुमचं आणि कुठलं माझं?"

बाईंनी एका कुंडीतलं पिवळं पान खुडलं आणि खिशात टाकलं.

"बारा तासांनीही भागतं," मी मध्ये पडलो. "वर्षं भरपूर आहेत. खंड नसला म्हणजे झालं."

पण खंड होता. दुसऱ्या उन्हाळ्यात, मे ते ऑगस्ट, तिला विद्यापीठाचं एक मानाचं पारितोषिक मिळालं होतं. त्या चार महिन्यांचे पैसे पगार म्हणून न येता शिष्यवृत्ती म्हणून आले होते. आम्ही तेव्हा मंडळात तिचा सत्कार केला होता, आक्पेनेने तीस माणसांसाठी आक्पले, मक्याच्या पिठाचं आमचं जेवण, रांधलं होतं. कागदावर त्या उन्हाळ्यात सेनाम बेकार होती. खंड असा बरोबर मध्ये पडला की अलीकडचे तास पुरत नव्हते आणि पलीकडचेही.

"त्या उन्हाळ्यात तर तू सगळ्यात जास्त राबलीस," बाई म्हणाल्या. "गुडघाभर चिखलात आपण दोघी मुळं उपटत होतो." मग त्यांनी हातावरची माती झटकली. "मी तसं लिहू शकते. त्या चार महिन्यांतही ती माझ्याकडे कामाला होती म्हणून. खोटं नाही ते."

सेनामने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच मान डोलावली.

पत्र तयार झालं. मी तिला म्हटलं, उद्याच अर्ज टाकू. ती म्हणाली, आठ दिवस थांबा. त्या आठ दिवसांत ती एका अधिकृत सल्लागाराकडे जाऊन आली, मला न सांगता. पुढच्या शनिवारी घरी आली, पण कोट काढला नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

"मी ते पत्र लावणार नाही," ती म्हणाली.

"का? बाई स्वतः देतायत! आणि तू काम केलंच होतंस ना?"

"केलं होतं. पण पगारी नोकरी नव्हती. कराचे कागद मागवले की दिसेल. दिशाभूल केली म्हणून पाच वर्षांची बंदी घालतात. पाच वर्षांनी जिफा अकरा वर्षांची होईल, एफो."

"प्रत्येकाचे कागद कोण मागवतं? तू घाबरतेस उगाच."

"तुम्ही मागच्या वेळी पण असंच म्हणालात."

आक्पेने चहाचे कप घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे बघत राहिली. मी खाली मान घालून बोललो. माझी फाइल, वकील, विमा कचेरी, सगळं. बोलायला दोन मिनिटं लागली असतील.

सेनाम ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"नकार आला त्या संध्याकाळी."

"म्हणजे महिना झाला."

"हो."

"आणि तरी तुम्ही मला ते पत्र लावायला सांगत होतात."

ती उठली. चहा घेतला नाही. जाताना आक्पेनेला म्हणाली, "येते हं, दादा." आमच्यात थोरल्या बहिणीला दादा म्हणतात. मला काही म्हणाली नाही.

त्यानंतर मला तिची खबर आक्पेनेकडूनच कळायची. एलिकेमशी तिचं वाजलं होतं. तो फोनवर म्हणाला होता, "चार वर्षं मरमर काम केलं म्हणतेस आणि तिथलं सरकार म्हणतं काम केलंच नाही. मग तू तिथे करतेस तरी काय? शाळेतले लोक मला विचारतात, मी काय सांगू?" ती म्हणाली होती, सांगा की अभ्यास करते. त्यावर त्याने फोन ठेवला, आणि तीन आठवडे जिफाशी तिचं बोलणं आजीच्या फोनवरूनच झालं. मी एलिकेमला फोन करायचं ठरवायचो. नंबर लावायचो आणि कापायचो.

फेब्रुवारीत तिने प्रबंध पुरा केला. पदवीनंतरचा कामाचा परवाना मिळाला. शहरात तिच्या विषयातली जागा निघाली नाही, म्हणून तीन तासांवरच्या हार्लन क्रॉसिंग नावाच्या गावी धान्य तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली. एक पेट्रोलपंप, एक चर्च, धान्याची कोठारं. दिवसभर इतरांच्या मसुरातले दगड नि बुरशी मोजायची. पावणेचार वर्षं जिने मुळांतले जिवाणू अभ्यासले, तिचा अनुभव तिथे पहिल्या दिवसापासून धरायला सुरुवात झाली. मधल्या काळात तिची पस्तिशी उलटली, वयाचे गुण कमी झाले. ते भरून काढायला ती त्या गावात एकटी फ्रेंच शिकली, रोज पहाटे, कामावर जायच्या आधी. हे कळलं तेव्हा आक्पेने रडली.

वर्ष भरल्यावर तिने पुन्हा अर्ज केला. स्वतः भरला, सल्लागाराकडून तपासून घेतला. जानेवारीत मंजुरी आली. मला ती चर्चमध्ये कळली, पाद्र्यांनी अभिनंदनाची नावं वाचली तेव्हा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. अडीच वर्षांत पहिलाच. "एफो, शुक्रवारी दोघं येतायत. माझ्या छोट्या गाडीत सामान मावणार नाही. तुमची मोठी आणाल का?"

"आणतो," मी म्हणालो. पुढे काहीतरी म्हणायचं होतं, पण तिने वेळ सांगून फोन ठेवला.

विमानतळावर जिफा बापाच्या कोटामागे लपली. साडेआठ वर्षांची, उंच, अगदी सेनामचं कपाळ. सेनाम गुडघ्यावर बसली, पण पुढे गेली नाही. "काय म्हणतेस?" तिने विचारलं. जिफा म्हणाली, "बरी आहे, थँक्यू," जसं शाळेत पाहुण्यांना म्हणतात. मग दोघी सेनामच्या गाडीत बसल्या आणि एलिकेम सामानाबरोबर माझ्या.

तासभर तो खिडकीबाहेर बघत होता. बर्फ वितळून शेतं काळी पडली होती.

"एलिकेम," मी शेवटी म्हटलं, "ते मुख्याध्यापकपद तुमचं माझ्यामुळे गेलं."

"हो," तो म्हणाला.

मी वाट पाहिली. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "इथल्या शाळेत शिकवायला मला काय काय करावं लागेल?"

उत्तर माझ्या ओठावर आलं होतं, प्रांताचा दाखला, परीक्षा, दोन सत्रं, सगळं धडाधड. मी ते गिळलं.

"मला नक्की माहीत नाही. विचारून सांगतो."

"नको," तो म्हणाला, "पत्ता द्या. मीच विचारीन."

मी त्याला पत्ता सांगितला. त्याने तो हातातल्या प्रवासाच्या कागदामागे लिहून घेतला, स्पेलिंग दोनदा विचारून. हार्लन क्रॉसिंगला पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सेनामची गाडी आधीच दारात होती. आम्ही दोघांनी मिळून पेट्या आत नेल्या. जिफा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती, आणि सेनाम तिला विचारत होती की भेंडीच्या सारात तिला तिखट चालतं की नाही, कारण तिला ते माहीत नव्हतं.