पहिल्या रांगेतले उंदीर

प्रयोगशाळेत तिला सगळे आजी म्हणत. वयामुळे नव्हे, तिची पीएच.डी. संपायचं नाव घेत नव्हती म्हणून. तिच्यामागून आलेले डॉक्टर झाले, लग्नं करून मोकळे झाले, एकदोघांना टक्कलही पडलं. आजी आपली उंदरांपाशीच. आता मात्र प्रबंध तयार होता. त्यावरचा, तिच्या आणि सरांच्या नावाचा शोधनिबंध छापायला पाठवायचा आणि सरांची सही, एवढंच बाकी होतं.

सरांचा विषय ताप. "आपलं शरीर घरच्या घरी गांजाचे भाऊबंद तयार करतं," काचेपलीकडचे पिंजरे दाखवत ते पाहुण्यांना सांगत, "परवाना नको, पोलीस नको!" पाहुणे हसत. मग सर गंभीर होत. ही रसायनं मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाशी संधान बांधून असतात, ताप चढवण्यातही त्यांचा हात असतो, आणि सरांचं औषध तो हात धरून ठेवतं. जंतूंच्या कवचाचा अंश टोचला की साध्या उंदरांना ताप चढे, औषधवाल्यांना चढत नसे. पाहुण्यांना नीट दिसावेत म्हणून औषधवाले कायम पहिल्या रांगेत, काचेला लागून. साधे मागे, भिंतीशी.

सर परगावी गेले असताना आजीनं मांडणी धुऊन काढली आणि पिंजरे परत लावताना रांगांची अदलाबदल झाली. त्या खेपेला टोचल्यावर औषधवाल्यांना सणसणून ताप आला आणि साधे गारठून बसले. आपण सुया बदलल्या की काय, म्हणून तिनं प्रयोग पुन्हा केला. तेच. मग तिनं पहिल्या रांगेवर नुसता हात धरला. वरून एसीचा झोत थेट पिंजऱ्यांवर येत होता. गार वाऱ्यात उंदराच्या एवढ्याशा अंगाला ताप पेलत नाही. पारा चढायचा सोडून उतरतो.

सर परतले तशी ती त्यांच्या खोलीत गेली.

"सर, ताप औषधानं अडत नव्हता. एसीनं अडत होता."

सरांनी चष्मा पुसला. "कुणाला बोललीस?"

"नाही."

"शहाणी आहेस. पण पुन्हा करून बघायची हौस कशाला?"

"सगळंच नव्यानं करायला हवं, सर. दोन्ही रांगांना सारखी हवा."

"करू की! नव्यानं नाव नोंदव, नवा आराखडा दे. मी निवृत्त होईन तोवर, पण कुणीतरी भेटेल तुला मार्गदर्शक."

आजीची मुलगी शाळेत 'आई काय करते' या रकान्यात अजून 'शिकते' लिहीत होती.

सरांचा आवाज एकदम मायेचा झाला. "अगं, मला तरी आता काय वर न्यायचंय? हा शोधनिबंध तुझ्या एकटीच्या नावानं जाऊ दे. माझं काढून टाक."

ज्या प्रयोगाच्या खोलीत ते फक्त दिवा बंद करायला डोकावले, त्याच्या निबंधावरही सरांचं नाव असे. आजीला कळायचं ते कळलं.

"आणि प्रबंधावरची सही?"

"निबंध पाठव आणि ये. पेन उघडं ठेवतो."

बाहेर धाकटी, म्हणजे तिच्यानंतर लागलेली विद्यार्थिनी, वाटच बघत होती.

"आजी, काय झालं गं?"

"निबंध माझ्या एकटीच्या नावावर."

"सरांनी स्वतःचं नाव काढलं? अगं, ताप तर नाही ना आला त्यांना?"

"नाही गं. त्यांना नाही चढत."

"नशीब काढलंस बाई! पार्टी हवी."

आजी संगणकापुढे बसली. सरांचं नाव काढलं. मग मजकूर वाचत खाली आली. 'सर्व उंदीर एकसारख्या तापमानात ठेवण्यात आले होते.' सरांच्या प्रत्येक निबंधात हे वाक्य होतं, त्यामुळे तिला नव्यानं काही लिहावं लागलं नाही. तिनं निबंध पाठवला आणि सही घ्यायला उठली.