भावाचं खमीर

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर भाजायची आणि भरल्या चर्चमधून ती स्वतःच्या हातांनी मेजापर्यंत न्यायची, हा मान दोघा बेकरीवाल्या भावांतल्या थोरल्याचा होता. मंडळीचा नियमच तसा: जो भाजेल तो नेईल. थोरला असा काही ताठ चालायचा, की नवख्या माणसाला हाच पाळक वाटावा. कुणी कौतुक केलं तर म्हणायचा, "छे हो, मी कसला! माझ्याइतका साधा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही."

त्याचा सगळा तोरा एका बरणीत होता. बरणीत आंबवलेल्या पिठाचं खमीर होतं, आईनं धरलेलं आणि तिच्यामागे यानं जिवंत ठेवलेलं. खमिराचं असं असतं की रोज अर्धं काढून टाकायचं आणि उरलेल्यात ताजं पीठ-पाणी घालायचं. दुसऱ्या दिवशी बरणी पुन्हा भरते. म्हणजे कुणाला वाटीभर दिलं तरी आपलं काडीइतकंही कमी होत नाही. तरी दोघा भावांनी धंदा वेगळा केला तेव्हा धाकट्यानं वाटीभर मागितलं, तर यानं गिऱ्हाइकांदेखत सुनावलं, "आईचं खमीर ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसतं." आणि त्याच संध्याकाळी अर्धी बरणी गटारात ओतली.

धाकट्यानं दोन गल्ल्या पलीकडे दुकान थाटलं आणि स्वतःचं खमीर धरलं. तेव्हापासून बोलणं बंद. चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसायचा आणि शेवटची प्रार्थना संपायच्या आत निघून जायचा. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं थोरला न विचारताच सगळ्यांना सांगायचा.

त्या शनिवारी सकाळी हवा गार होती आणि खमीर फुगायला तयार नव्हतं. थोरल्यानं बरणी जरा वेळ भट्टीच्या कठड्यावर ठेवली. असं कधी करू नका म्हणून जन्मभर दुसऱ्यांवर ओरडलेला माणूस! तेवढ्यात पाळकबाई पाव घ्यायला आल्या. मागच्या रविवारचं त्यांचं प्रवचन मनानं दीन असण्यावर होतं. ते मंडळीत कुणाकुणाला लागू पडतं, हे थोरल्यानं त्यांना बैजवार समजावून सांगितलं. पाळकबाई "हो का, हो का" करत कशाबशा सुटल्या, तोवर बरणीतलं खमीर शिजून खळीसारखं घट्ट झालं होतं.

त्यानं ते हलवून पाहिलं, हुंगून पाहिलं, त्यात पाणी घातलं. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"बाजारची यीस्ट घाला," बायको म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना!"

"मग भाऊजींकडे जा."

"त्याच्याकडे? मी? मागायला?"

बायको बरणी खरवडता खरवडता म्हणाली, "रोज अर्धं गटारात टाकताना जीव तुटला नाही तुमचा. भावाला द्यायचं म्हटलं की तुटायचा. आता गटाराकडे मागा."

एरवी त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. आज तो पिठाच्या पोत्यावर बसून राहिला, डोळे भरून आले, आणि एकदम त्याला लख्ख कळलं, की हे रडू आईच्या खमिरासाठी नाहीच. उद्या सगळ्यांसमोरून चालायला मिळणार नाही, म्हणून आपण रडतोय. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

"देवा," तो पुटपुटला, "माझ्याजवळ काही नाही रे. खरंच काही नाही."

मग उठून त्यानं एक पातेलं घेतलं आणि निघाला. पातेलं आधी टॉवेलखाली झाकलं होतं. पहिल्याच वळणावर टॉवेल खांद्यावर टाकला. दिसू दे दिसायचं त्याला.

धाकट्याच्या दुकानात गर्दी होती. त्याला दारात पाहून गिऱ्हाइकं बाजूला सरली. धाकटा कणकेत कोपरापर्यंत हात घालून उभा होता, तो तसाच थांबला.

"माझं खमीर मेलं," थोरला म्हणाला. "मला तुझं थोडं दे. तू मागितलंस तेव्हा मी दिलं नाही. गटारात ओतलं, पण तुला दिलं नाही. माझं चुकलं. चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांतच सांगतोय."

धाकट्यानं हात पुसले. बराच वेळ पुसले.

"हे आईचं नाही हं, दादा."

"माहीत आहे. तुझं आहे, म्हणूनच मागतोय."

धाकट्यानं पातेलं हातात घेतलं, आत पाहिलं आणि म्हणाला, "एवढंसं आणलंयस? घरात मोठं नव्हतं?"

थोरला हसला, हसता हसता रडला. "मेलं कसं पण?" धाकट्यानं विचारलं. "भट्टीवर ठेवलं," थोरला म्हणाला, आणि धाकटा पोट धरून खालीच बसला. थोरलाही शेजारी बसला. दोघं मोठे बाप्ये पिठात लोळायचे तेवढे बाकी होते. इतकं हलकं थोरल्याला कधी वाटलं नव्हतं. पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं होतं.

धाकटा खमीर काढायला उठला, तसा थोरल्यानं त्याचा हात धरला. "मला खमीर उद्या दे. उद्याची भाकर तूच भाज."

"आणि नेणार कोण?"

"जो भाजेल तो. नियम आहे."

"लोक तुला काय म्हणतील, दादा?"

"म्हणू देत की! मलाही कळू दे."

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. धाकटा भाकर घेऊन मधल्या वाटेनं निघाला तेव्हा कुजबुज झाली, माना थोरल्याकडे वळल्या. थोरला बाकावर बसला होता. एरवी या वेळी त्याचं सगळं लक्ष आपल्या चालीकडे असायचं. आज त्याचे हात मांडीवर नुसते पडले होते आणि छाती आनंदानं भरून आली होती. धाकट्याचे पाय थरथरताहेत हे त्याला दिसत होतं. पडू नको रे, तो मनात म्हणत होता. सावकाश चल, माझ्या राजा.

पाळकबाई ताट घेऊन त्याच्यापाशी आल्या. घेणाऱ्यांत बसून त्यानं हात पुढे केले. तुकडा तोंडात घातला. मऊ होता, किंचित आंबट, आणि खोटं कशाला बोला, त्यानं आजवर भाजलेल्या कुठल्याही भाकरीपेक्षा चांगला होता. चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. थोरल्याला राहवलं नाही. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याकडे वळून तो शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "माझ्या भावानं भाजलीय!"