सव्वातीनची पोस्ट

काजलला काम देताना वासुदेवरावांनी एकच अट घातली होती. फोटो कोणते काढायचे, वर काय लिहायचं, ते सगळं तिनं ठरवावं. पण पोस्ट पडली पाहिजे ती दुपारी सव्वातीनलाच.

काजल वर्ध्याजवळच्या आंजीची. बी.कॉम. करता करता ती मोबाईलवरची जाहिरातबाजी शिकली होती. देवळीतल्या तीन दुकानांची फेसबुक पेजेस आता तिच्याकडे होती: एक बेकरी, एक भांड्यांचं दुकान आणि मेन रोडवरचं वासुदेवरावांचं कापडाचं दुकान. आठवड्यातून दोनदा ती एसटीनं वर्ध्यावरून देवळीला यायची, साड्या उलगडून फोटो काढायची आणि कोणती पोस्ट कोणत्या दिवशी, किती वाजता पडेल ते आधीच लावून ठेवायची.

तिनं त्यांना समजावून पाहिलं होतं. "काकाजी, सव्वातीनले कोण पाह्यते? बाया वावरात कापूस वेचून राह्यल्या असतेत. मोबाईल घरी, नाई तं पोराच्या खिशात. रात्री साडेआठले टाकतो ना मी, जेवणं झाले की साऱ्याजणी मोबाईल घेऊनच बसतेत."

वासुदेवराव गादीवर मांडी घालून बसलेले. सत्तरीला टेकलेला माणूस, आवाज कधी वर जायचा नाही. म्हणाले, "तुह्यं बरोबर असंन बेटा. पण तू सव्वातीनच ठेव."

बेकरीच्या केकला दोन-दोनशे लाइक पडत होते आणि वासुदेवरावांच्या साड्यांना सात-आठ. त्यातला पहिला मात्र रोज ठरलेला. पोस्ट पडून पाच मिनिटं होत नाहीत तो यायचा. स्वतःच्या फोटोच्या जागी झेंडूचं फूल लावलेला कुणीतरी. काजलनं कधी नाव नीट वाचलंसुद्धा नाही.

काम जमत असूनही आकडे हलेनात, हे तिला डाचायला लागलं. लग्नसराई तोंडावर आली होती. एका गुरुवारी तिनं वासुदेवरावांना न विचारता साऱ्या पोस्ट रात्री साडेआठवर नेल्या.

पुढच्या गुरुवारी ती दुकानात आली तर पायरीवर चपलाच चपला. बाया मोबाईल पुढे करून "हेच जांभळी दाखवा" म्हणत होत्या. काजलला वाटलं, आता काकाजी पाठ थोपटतील. गर्दी ओसरल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि मोबाईल तिच्यापुढे धरला.

"बेटा, याच्यात काई बिघाड झाला काय? आठ दिवस झाले, सव्वातीनले काईच येऊन नाई राह्यलं."

काजलनं खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत. "बरं केलं. गिऱ्हाईक तं वाढलं," एवढंच बोलले आणि समोरची साडी घडी करायला घेतली. घडी झाली. त्यांनी ती मोडली आणि पुन्हा तीच साडी घडी करायला लागले.

दुकानाच्या मागंच घर. तिथून लीलाबाईंनी, वासुदेवरावांच्या बायकोनं, तिला चहाला हाक मारली. काजल चुलीसारख्या तापलेल्या तोंडानं आत गेली.

"काकू, माह्यं चुकलं काय?"

"तुले कोणं सांगतलंच नाई, तं तुह्यं काय चुकलं?" लीलाबाईंनी कप पुढे सरकवला. "ह्यायचा लहाना भाऊ आहे, चंदन. अकरा वर्सं झाले, या घरात आला नाई."

मग त्यांनी सांगितलं. दुकान दोघं भाऊ चालवत. माल घेणं, हिशेब थोरल्याकडे आणि बोलणं सगळं धाकट्याकडे. बाई नुसती पायरीवर थबकली तरी चंदन तिला आत आणून साडी नेसल्यासारखी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचा. एका वर्षी त्यानं सेलची जाहिरात करायला भोंगा लावलेली जीप गावोगाव फिरवली. जीप परत येऊन गल्लीत शिरली, आणि नेमकी त्याच वेळी शेजारच्या लक्ष्मणरावांच्या आईची अंत्ययात्रा निघालेली. भोंगा ओरडतोय, खुशखबर, खुशखबर! ड्रायव्हरला घाईत बटण सापडेना.

"हे शरमेनं लालेलाल झाले. दुकान गिऱ्हाइकायनं भरलेलं, अन् साऱ्यायच्या समोर बोलले त्याले. वेळ-काळ समजत नाई तुले, धंदा काय करशीन तू, म्हणे. दुसऱ्या दिवशी तो गेला, तो हैदराबादले. तिथं मोठ्या दुकानात साड्या दाखवते. स्वतःच्या दुकानाचा मालक, अन् तिथं नोकर."

"अन् सव्वातीन?"

"इथला एक जण दवाखान्याच्या कामानं तिकडं गेलता, त्याले भेटला चंदन. दिवसभर मोबाईल मालकाजवळ जमा राह्यतेत म्हणे त्यायचे. तीन वाजता जेवाची सुट्टी, तेवाच हातात भेटते." लीलाबाईंनी दुकानाच्या दाराकडे पाहिलं. "पहिल्या दिवशी त्याचं ते झेंडूचं फूल आलं, तं ह्यायनं मले दुकानात बोलावून दाखवलं. आपल्याले पाह्यते ना तो, म्हणे."

काजलचा चहा तसाच राहिला.

परतीच्या एसटीत तिनं मोबाईल काढला. रात्रीच्या पोस्ट तशाच ठेवल्या, पण सव्वातीनची पोस्टही पुन्हा सुरू करायचं ठरवलं. तिथं काय टाकावं ते तिला सुचेना. नुसत्या साडीचा फोटो आता तिला पुरेसा वाटत नव्हता.

सोमवारी ती वासुदेवरावांपुढे जाऊन बसली. "काकाजी, आज फोटो नाई टाकत. तुमी लाइव्ह बोला. सव्वातीनले."

"मी? मले कुठं बोलता येते! बोलाचं काम तं..." ते थांबले. लीलाबाई दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बोला ना. चार शब्दच तं बोलाचे आहेत."

तीन पंधराला काजलनं मोबाईल कापडाच्या गठ्ठ्याला टेकवला. वासुदेवराव शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखे ताठ झाले. नमस्कार केला. दुकानाचं नाव सांगितलं, मग पत्ता सांगितला, मग पुन्हा दुकानाचं नाव. हिरवी पैठणी काठाची साडी उचलली आणि पसरायला गेले तर ती गुडघ्यावर घरंगळली. अकरा जण पाहत होते.

तेवढ्यात खाली अक्षरं उमटली. काजलनं वाचून दाखवली. "पदर उलटा धरला. खालच्या काठानं धर..." पुढचा शब्द वाचताना तिचा आवाज बारीक झाला. "...भाऊ."

वासुदेवरावांनी पदर फिरवला. आता तो नीट पडला, काठ उजेडात आला. ते त्याकडे बघत राहिले. काजलला वाटलं आता पुढची साडी घेतील. त्यांनी हातातली साडी खाली ठेवली आणि सरळ मोबाईलकडे पाहिलं.

"चंदन," ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुले गिऱ्हाइकायसमोर बोललो. तसं बोलाले नोको होतं. चुकलं माह्यं. चारचौघात बोललो होतो, म्हणून चारचौघातच सांगून राह्यलो."

पायरीवर एक बाई चप्पल काढता काढता तशीच उभी राहिली. मोबाईलवर काहीच उमटलं नाही. अकराचे दहा झाले. साडेतीनला तिनं लाइव्ह बंद केलं. वासुदेवराव उठून त्या पायरीवरच्या बाईला म्हणाले, "या ना, या. काय दाखवू?"

उत्तर त्या दिवशी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बुधवारी तीन वाजून दहा मिनिटांनी वासुदेवरावांचा मोबाईल वाजला. काजल तिथं नव्हती. पुढचं तिला लीलाबाईंनी सांगितलं. चंदनचे पहिले शब्द असे की, आवाज लय बारीक येते, त्या पोरीले सांग मोबाईल जवळ ठेवजो म्हणून. यावर वासुदेवरावांनी हाव म्हणून होकार दिला. मग चंदननं विचारलं, औंदा कोणत्या रंगाचा माल जास्त चालून राह्यला? आणि सुट्टी संपेपर्यंत दोघं फक्त रंगांबद्दल बोलले. फोन ठेवल्यावर वासुदेवराव आत येऊन मोरीत तोंड धुवत बसले, ते बराच वेळ.

माघात चंदन चार दिवसांची रजा काढून आला. काजलच्या मनातला चंदन उंच, गडगडाटी आवाजाचा होता. हा तर ठेंगणा, केस पिकलेला, हातात प्लास्टिकची पिशवी धरलेला माणूस. आत आला, भावाच्या पाया पडला आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला सतरंजीवर बसला. वासुदेवराव गादीवर एका बाजूला सरकले. सरकून तिथं हात ठेवून राहिले. थोड्या वेळानं चंदन उठला आणि तिथं जाऊन बसला.

काजलला वाटलं आपण इथं नसावं. ती बॅग उचलून निघाली, तर चंदनच म्हणाला, "काऊन जातेस बाई? बस. रात्रीचे आकडे दाखव मले. साडेआठले चालते ना चांगलं?"

"चालते काका," ती म्हणाली आणि मोबाईल घेऊन त्या दोघांच्या समोर बसली.