इमान

कडुबाच्या माडीवर तक्रार बघायला आलेल्या त्रिंबकनं बटण दाबलं. त्यानंच विकलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर हिरवा आकडा उजळला. सहासष्ट. कडुबाच्या पोरीनं खेळ लावला, तसं पडद्यावरचं विमान धावपट्टीवर दोन झटके खाऊन अडलं, पुन्हा हिसक्यानं पुढं गेलं आणि कडेला जाऊन आपटलं.

"शेठ, तुमचं इमान लई हलतंय," कडुबा म्हणाला.

त्रिंबकनं चमकून वर पाहिलं. कडुबा पडद्याकडंच बघत होता. विमानाला तो इमानच म्हणायचा.

"मशीनमंधी खोट नसंल. सहासष्ट हाय म्हणल्यावर! ह्या पोरीचाच हात जड. म्हणलं, झेपत नसंल तर सोड नाद. आपल्या घरात धड सायकल येत नाय कुणाला."

"व्हय सर," त्याची लेक महामाया मान खाली घालून म्हणाली. "माझाच हात कच्चा हाय."

कडुबाचं डावं मनगट वाकडं होतं. नामांतराच्या मोर्चात लाठी बसलेली. एका नावासाठी सोळा वर्षं झगडलेला माणूस. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नव्या पाटीसमोर तो तासभर नुसता उभा होता. लिहिलेल्या अक्षरावर त्याचा जीव. आणि त्रिंबकनं त्याला गंडवलं होतं ते नेमकं लिहिलेल्या आकड्यानंच.

मशीन वाळूजच्या एका कंपनीनं मोडीत काढलेलं, तेहतीस मेगाहर्ट्झ वेगाचं. डब्यावरचा आकडा वेग मोजत नाही. आतल्या बारीक पिना बदलल्या की हवा तो दाखवतो. त्रिंबकनं सहासष्ट लावून ते विकलं होतं. "विमानाचा खेळ चालंल का ह्याच्यावर?" घेताना महामायानं दोनदा विचारलं होतं. "पळंल," त्रिंबक म्हणाला होता. चोर निदान घाबरतो तरी. त्रिंबक मात्र हसला होता.

कडुबा चहा आणायला जिना उतरला. त्रिंबकनं स्क्रूड्रायव्हर घेतला, झाकण काढलं, पिना उपसून दुसरीकडं बसवल्या. तेहतीस.

"हात चांगला हाय तुझा," तो कसाबसा म्हणाला. "मशीनच…"

"ठाऊक हाय मला. पहिल्याच आठवड्यात झाकण खोललं होतं मी. एकटी असले की मशीनवर भार नको म्हणून खेळातले ढग, घरं, झाडं सगळं बंद करून उडवते. नुसती पट्टी आन् आभाळ. उतरवते बी."

"मग बापाला का नाय सांगितलं?"

"आख्खी वस्ती बोलावून आकडा दाखवला त्यांनी. सहासष्ट, सहासष्ट." खाली जिन्याच्या पायथ्याशी पावलं वाजली. "परत बसवा."

"पोरी, मी खरं सांगतो त्यांना."

"तुम्हाला हलकं वाटावं म्हणून? बसवा, सर."

पिना बोटांतून दोनदा निसटल्या. तिसऱ्यांदा सहासष्टवर बसल्या. झाकण त्यानं कसंबसं लोटलं.

कडुबा तीन गिलास घेऊन आत आला. ते टेबलावर ठेवून त्यानं शर्टाच्या बाहीनं आकड्यावरची काच पुसली.

"झालं का इमान नीट, शेठ?"

महामाया त्रिंबककडं बघत राहिली. पहिला गिलास कडुबानं त्याच्याच हातात दिला.